वाहन बदलतं तिथं गाव वाढतं : जालन्याच्या कोरड्या बंदराची गोष्ट

मोंढ्यात चाळीस वर्षं मुनीमकी केलेल्या माझ्या काकांनी ‘ड्रायपोर्ट’ हा शब्द पहिल्यांदा वाचला, तेव्हा पेपर खाली ठेवून मला विचारलं होतं, ‘‘आपल्याकडं प्यायला पाणी पुरंना, अन् बंदर कुठून आणायलेत रे हे?’’

प्रश्न रास्त होता. जालन्यापासून समुद्र सुमारे ४०० किलोमीटर लांब आणि वाटेत सह्याद्री आडवा. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. पुढे एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काही वर्षं कागदपत्रांचं काम केलं, कंटेनरच्या मागे फोन करकरून रात्री जागवल्या, तेव्हा कुठे हळूहळू उमगलं. काकांना जसं सांगितलं, तसंच इथे सांगतो.

काका, मोंढ्यात काय होतं? शेतकऱ्याच्या गाडीतून कापूस उतरतो. काट्यावर चढतो. कोणीतरी त्यात हात घालून प्रत बघतं. सौदा होतो, पट्टी बनते, आडत-हमाली वजा होते आणि तोच कापूस दुसऱ्या गाडीत बसून जिनिंगला जातो. बंदरातही नेमकं हेच चालतं. माल उतरतो, मोजला जातो, तपासला जातो, सरकारचा कर भरला जातो, कागद बनतात आणि माल दुसऱ्या वाहनात बसतो. यातल्या एकाच कामाला पाणी लागतं : जहाज धक्क्याला लागणं. बाकीची सगळी कामं जमिनीवरची आहेत आणि ती समुद्रकाठीच झाली पाहिजेत असं काही नाही. ती उचलून माल जिथे तयार होतो किंवा जिथे लागतो त्या गावाच्या कडेला आणली, की झालं कोरडं बंदर.

हे ऐकून काका म्हणाले, ‘‘म्हणजे करोडगिरीचा नाका की!’’ त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकून मला फार बरं वाटलं. आपला मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याला स्वतःचा समुद्रकिनारा नव्हता, पण स्वतःचं जकात खातं होतं. त्याला करोडगिरी म्हणत. हद्दीवर माल आला की अडवायचा, मोजायचा, कर घ्यायचा, चिठ्ठी द्यायची. कस्टम हा प्रकार मराठवाड्याला नवा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो पाहिलेला आहे.

तेरचं कापड आणि भडोचचं बंदर

खरं तर ही गोष्ट निजामाच्याही पुष्कळ आधी सुरू होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या व्यापाराची एक वाटाडी पोथी लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. त्यात आपली दोन गावं आहेत : पैठण आणि तेर. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असा हिशेब त्याने दिला आहे. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तेरहून साधं कापड, तलम मलमल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येतं, असं तो लिहितो.

इथे एक गोष्ट मला नेहमी खुपते. पैठणला भडोचपेक्षा कल्याण कितीतरी जवळ. सातवाहनांनी नाणेघाटाची वाट बांधून काढली ती कोकणातल्या बंदरांकडे उतरण्यासाठीच. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा होता, असं आजही सांगतात. मग माल एवढा वळसा घालून भडोचला का? उत्तर त्याच पोथीत आहे. कल्याणवर दुसऱ्या सत्तेचा अडसर बसला होता. तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. पैठणचे सातवाहन आणि गुजरातकडचे क्षत्रप राजे यांच्या भांडणात कल्याणचं बंदर बसलं आणि तेरच्या विणकराच्या कापडाला लांबची वाट धरावी लागली.

दोन हजार वर्षांपूर्वीही मालाने जवळचं बंदर निवडलं नाही, त्याने मोकळं बंदर निवडलं. किलोमीटरपेक्षा अडवणूक महाग पडते. हे लक्षात ठेवा, जालन्याच्या बाबतीत ते पुन्हा येणार आहे.

मनमाडचे हमाल

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपल्याकडे लेकराबाळांनाही पाठ असते. हे सोनं मुख्यतः बाजारपेठेचं होतं, कापसाचं आणि धान्याचं. या बाजारपेठेला रेल्वे मिळाली ती १९०० च्या आसपास, हैदराबादहून गोदावरी खोऱ्यातून मनमाडला जाणाऱ्या लोहमार्गाने. तिकडे सह्याद्री त्याआधीच फोडला गेला होता. कसाऱ्याचा थळ घाट चढून गाडी १८६५ मध्येच इगतपुरीला पोचली होती.

पण एक मोठी खोड राहिली. निजामाच्या राज्यातला आपला मार्ग मीटरगेजचा, म्हणजे दोन रुळांमध्ये १ मीटर अंतर. मुंबईहून येणारा मार्ग ब्रॉडगेजचा, १.६७६ मीटर. जालन्याला भरलेला डबा मुंबईपर्यंत जाऊच शकत नव्हता. मनमाडला एकेक गठाण, एकेक पोतं एका डब्यातून उतरवायचं आणि शेजारच्या डब्यात चढवायचं. कापसाची एक गठाण आज १७० किलोची धरतात. अशा गठाणींच्या राशी पाठीवरून आणि हातगाड्यांवरून या रुळावरून त्या रुळावर गेल्या, वर्षानुवर्षं.

यात वेळ जात होता, माल फुटत होता, चोरी होत होती. तरी त्याच कामाने मनमाड मोठं झालं. हमालांची वस्ती, गोदामं, खानावळी, लाकडी खोकी बनवणारे, दलाल, रेल्वेचे क्वार्टर. अन्न महामंडळाची प्रचंड गोदामं मनमाडला असण्यामागेही जंक्शनच आहे. समुद्र नसताना मनमाड हे बंदरच होतं. माझ्या मते बंदराभोवती वाढणाऱ्या वस्तीची सगळी गोष्ट या एका वाक्यात मावते : जिथं वाहन बदलतं, तिथं माल थांबतो. माल थांबतो तिथं माणूस थांबतो. माणूस थांबतो तिथं चूल पेटते. मुंबईचं मस्जिद बंदर, शिवडी, उरण, सगळीकडे हाच क्रम दिसतो.

१९९० च्या दशकात आपला मार्ग ब्रॉडगेज झाला. मराठवाड्याने त्यासाठी आंदोलनं केली होती आणि ती योग्यच होती. डबा थेट मुंबईला जाऊ लागला. पण मनमाडचं ते उतरव-चढव करण्याचं काम त्या दिवशी संपलं. एका गावाची अडचण म्हणजे दुसऱ्या गावाची भाकरी असते आणि अडचण सुटली की भाकरी हलते. कोरड्या बंदराबद्दल बोलताना याचा विचार फार थोडे लोक करतात.

लोखंडी पेटी

आता कंटेनर. त्याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतल्या नेवार्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ नावाचं एक जुनं तेलवाहू जहाज ह्युस्टनला निघालं. त्याच्या डेकवर ५८ लोखंडी पेट्या होत्या. कल्पना माल्कम मॅक्लीन या ट्रक व्यावसायिकाची. पोतं न् पोतं उतरवण्याऐवजी ट्रकची अख्खी पेटीच जहाजावर ठेवायची. तोवर सुटा माल जहाजात भरायला टनामागे जवळपास ६ डॉलर लागत. या पेट्यांना टनामागे १६ सेंट लागले. सहा रुपयांचं काम सोळा पैशात, असं समजा.

पुढे पेटीची मापं जगभर एकसारखी ठरली. लांबी २० फूट, रुंदी ८ फूट, उंची साडेआठ फूट. दुप्पट लांबीची ती ४० फुटी. चारी कोपऱ्यांना सारखीच भोकं, म्हणजे जगातली कुठलीही क्रेन ती उचलणार. पेटी जालन्याच्या कारखान्यात भरली, दाराला सील ठोकलं, की ती जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या किंवा दुबईतल्या जेबेल अलीच्या गोदामातच उघडायची. मधल्या सगळ्या प्रवासात आतल्या मालाला हात लागत नाही.

कोरडं बंदर शक्य झालं ते या पेटीमुळे. माल सीलबंद आहे, म्हणून कस्टमचा साहेब तो समुद्रापासून ४०० किलोमीटरवरही तपासू शकतो. नेमका याच पेटीने हमालाचा हातही काढून घेतला. मनमाडला जे काम शेकडो पाठी करत, ते आता एक रीच स्टॅकर, म्हणजे लांब सोंडेचं उचलयंत्र, दोन-तीन मिनिटांत करतं. म्हणूनच कोरडं बंदर आलं की मनमाडसारखं गाव आपोआप फुलेल, असं धरून चालता येत नाही. कुंपणाच्या आत फार माणसं लागतच नाहीत.

न्हावा शेव्याला काय झालं

मुंबईच्या गोदीत जहाजांची दाटी झाली म्हणून खाडीपलीकडे, उरण तालुक्यात न्हावा शेव्याला नवं बंदर काढलं. ते २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. आपण त्याला जेएनपीटी म्हणतो, आता कागदोपत्री जेएनपीए. २०२४-२५ या एका वर्षात त्याने २० फुटी मापाने मोजलेले ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. आपल्या मराठवाड्याच्या आयात-निर्यातीचं मुख्य दार तेच.

पण त्या दाराच्या उंबऱ्याखाली काय आहे, हे जालना-बदनापूरच्या शेतकऱ्याने माहीत करून घ्यायला हवं. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी संस्थेची स्थापना १७ मार्च १९७० ला झाली आणि ठाणे-रायगडची ९५ गावं त्या आराखड्यात आली. मिठागरं, भातशेती, मासेमारीवर जगणारी ही माणसं. मिळणारा मोबदला तुटपुंजा. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जासई आणि न्हावा शेवा परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचं सूत्र आलं. देशभर नंतर ज्याची उदाहरणं दिली गेली, ते हे सूत्र सरकारने आपण होऊन दिलं नव्हतं.

या सूत्राचा अर्थ साधा आहे. जमिनीची किंमत बंदर आल्यावर वाढते. ती वाढ फक्त नंतर विकत घेणाऱ्याची नसावी, ज्याची जमीन गेली त्यालाही तिच्यात वाटा हवा. रोख पैसा तीन-चार वर्षांत गाडी, लग्न, घर यात संपतो. भूखंड राहतो. उरण-पनवेल पट्ट्यात आज कंटेनरची गोदामं, ट्रेलरचे तळ, उलवे-द्रोणागिरीसारखी नवी नगरं दिसतात. त्यात ज्या घरांकडे साडेबारा टक्क्यांचा तुकडा राहिला आणि ज्यांच्याकडे राहिला नाही, त्यांच्यातला फरक पाहायला फार शोधावं लागत नाही.

जालन्याला नेमकं काय चाललंय

मराठवाड्यात कोरडं बंदर अगदीच पहिलं आहे असंही नाही. दौलताबादजवळ माळीवाड्याला कॉनकॉर या सरकारी कंपनीचा कंटेनर डेपो आहे. वाळूजचे कारखाने त्याचा वापर करत आले आहेत.

जालन्याच्या ड्रायपोर्टची कोनशिला डिसेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे नौवहन मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते बसली. जागा जवसगाव-दरेगावच्या शिवारात, सुमारे १८० हेक्टर, म्हणजे साडेचारशे एकरांच्या आसपास. जवळ दिनेगावचं छोटं रेल्वे स्टेशन, बदनापूर आणि जालन्याच्या मधलं. जबाबदारी न्हावा शेव्याच्या बंदराकडे. पुढे याच जागेवर मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्क करायचं ठरलं. म्हणजे रेल्वे, रस्ता, गोदामं, शीतगृहं, कस्टम हे सगळं एका कुंपणात. भिंत, आतले रस्ते, रुळांचा जोड अशी कामं तुकड्या-तुकड्यांनी होत गेली. कोनशिलेला दहा वर्षं उलटली आणि जालन्याच्या व्यापाऱ्याला इतकी वाट पाहायला लावणं बरोबर नव्हतं, असं मला स्पष्ट वाटतं.

जागा मात्र चुकलेली नाही. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग, एकूण ७०१ किलोमीटर, जालन्याहून जातो. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. या शेवटच्या टप्प्यातला इगतपुरीचा सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नाणेघाट, मग थळ घाट, आणि आता हा. सह्याद्रीला मराठवाड्याने तिसऱ्यांदा वाट पाडायला लावली. रेल्वेच्या बाजूने मनमाड ते जालना विजेच्या तारा आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तो झाला की खानदेशातून उत्तरेकडे थेट दार उघडेल. पश्चिमेला शेंद्रा आणि बिडकीन, ऑरिकची नवी औद्योगिक शहरं. म्हणजे शेंद्र्यापासून जालन्यापर्यंतच्या पट्ट्यात रूळ, जुना हमरस्ता आणि समृद्धी जवळपास हातात हात घालून जातात.

आणि माल? जालन्याला बियाण्यांचं गाव म्हणतात. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको या बियाणे कंपनीची सुरुवात केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. सळईच्या गिरण्या तर देशभर माहीत आहेत. भोवती कापूस, सोयाबीन, मका, आणि भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी.

एका भंगाराच्या पेटीचा प्रवास

सळई कशापासून बनते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जालन्यात लोखंडाची खाण नाही. इथे भंगार विजेच्या भट्टीत वितळवतात, त्याच्या बिलेट, म्हणजे जाड कांबी, ओततात आणि रोलिंग मिलमध्ये त्या लाटून सळई काढतात. भंगाराचा मोठा वाटा परदेशातून येतो, कंटेनरमध्ये भरून. मोडलेल्या गाड्या, जुनी यंत्रं, इमारतीचं लोखंड.

अशी एक पेटी आखातातून निघाली असं धरा. न्हावा शेव्याला उतरते. भंगाराची किरणोत्सर्गासाठी तपासणी होते आणि आत स्फोटक तर नाही ना याचं प्रमाणपत्र लागतं. ही कटकट उगाच नाही. २००४ मध्ये गाझियाबादच्या एका कारखान्यात युद्धभूमीवरून आलेल्या भंगारात जिवंत तोफगोळे निघाले आणि स्फोटात कामगार दगावले. त्यामुळे कोणतं भंगार कुठल्या बंदरातून यावं याचे नियम कडक झाले.

पुढे दोन वाटा. पहिली आजची सवयीची : तिथेच कस्टम भरायचं, पेटी ट्रेलरवर चढवायची, जालन्याला आणायची, भंगार ओतायचं, रिकामी पेटी परत उरणला नेऊन टाकायची. दुसरी कोरड्या बंदराची : पेटी सीलबंद अवस्थेतच, कर भरायच्या आधी, हमीपत्रावर रेल्वेने जालन्याला येते. इथेच कस्टम तपासतं, इथेच कर भरला जातो. कारखानदाराचा माणूस सकाळी मोटारसायकलवर जाऊन काम उरकून जेवायला घरी येतो.

फायदा दिसायला एवढा सरळ, मग घोडं अडतं कुठं?

पेटी पडून राहते त्या दिवसांच्या भाड्यात. पेटी बंदरात फुकट राहण्याचे काही दिवस ठरलेले असतात. ते संपले की जागेचं भाडं, त्याला डॅमरेज म्हणतात. पेटी स्वतः जहाज कंपनीची असते. ती ठरल्या दिवसांत रिकामी करून परत दिली नाही तर तिचं वेगळं भाडं, ते डिटेन्शन. दोन्ही मीटर रिक्षासारखे चालत राहतात, गाडी उभी असली तरी. मी जिथे काम केलं तिथे एकदा एका कागदावरच्या वजनाच्या आकड्यात चूक झाली आणि सहा पेट्या अकरा दिवस अडकल्या. भंगाराचा नफा त्यातच गेला. त्या मालकाचा चेहरा मला अजून आठवतो. कोरड्या बंदराने हा धोका कमी व्हायला हवा, कारण कागद दुरुस्त करणारा आणि सही करणारा दोघंही एकाच गावात येतात. पण रेल्वेची गाडी वेळेत मिळाली नाही तर तोच धोका दुप्पट होतो.

गाडीचं गणित असं. कंटेनरच्या एका पूर्ण मालगाडीला ४५ वाघिणी. एकीवर २० फुटी दोन पेट्या, म्हणजे एका खेपेत ९० पेट्या. नव्वद पेट्या जमल्या की गाडी भरते. ज्याची पेटी पहिली आली तो नव्वदाव्याची वाट बघणार का? नाही बघणार. त्याला दारातून आज रात्री निघणारा ट्रेलर दिसतो, जो उद्या उरणला असतो. म्हणून गाडी भरो न भरो, ठरल्या वारी ठरल्या वेळी सुटलीच पाहिजे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं अर्ध्या रिकाम्या गाड्या सोडण्याची तयारी कोणाची तरी हवी, आणि तो खर्च व्यापाऱ्यावर टाकून चालणार नाही. रेल्वेलाही घाट सोपा नाही. थळ घाटात चढ ३७ मीटरला १ मीटर. तिथे गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावून ढकलावं लागतं.

तरीही माझ्या लेखी सगळ्यात मोठा प्रश्न वेगळाच आहे : रिकाम्या पेटीचा.

जालन्याच्या कारखान्याने भंगार ओतून घेतलं. पेटी रिकामी झाली. त्याच आठवड्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला एका जिनिंगवाल्याला बांगलादेशला गठाणी पाठवायच्या आहेत, त्यालाही पेटी हवी आहे. दोघांची गाठ पडली तर एकच पेटी येताना भंगार आणि जाताना कापूस नेईल. भाडं दोघांत वाटलं जाईल. पण जहाज कंपनीचा पेट्या ठेवायचा तळ जालन्यात नसेल, तर भंगारवाल्याची पेटी रिकामी उरणला जाते आणि जिनिंगवाल्यासाठी दुसरी पेटी उरणहून रिकामी येते. इगतपुरीच्या बोगद्यात या दोन रिकाम्या पेट्या एकमेकींच्या शेजारून जातात. त्या डिझेलचे पैसे शेवटी कापसाच्या भावातून कापले जातात, म्हणजे बदनापूरच्या शेतकऱ्याकडून.

आणि गाठ पडूनही जुळेलच असं नाही. भंगार जड, वीस-बावीस टनांत २० फुटी पेटी वजनाने भरते. कापूस हलका आणि फुगीर, त्याला ४० फुटी बरी. भंगाराने पेटीचे पत्रे चेपतात, तळाला तेल आणि गंज लागतो. त्यात बियाणं किंवा सोयापेंड कोण भरणार? म्हणून कोरड्या बंदरात पेट्या धुण्याची, वेल्डिंग करून दुरुस्त करण्याची सोय लागते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एका वेल्डरच्या आणि पाण्याच्या एका नळाच्या सोयीवर निर्यातीचं गणित फिरू शकतं. मोसंबीचं तर आणखी वेगळं. तिला गार पेटी लागते आणि ती पेटी तळावर उभी असेपर्यंत विजेच्या प्लगला जोडून ठेवावी लागते. वीज फार वेळ गेली की फळ धोक्यात येतं.

कुंपणाबाहेर

काकांचा पुढचा प्रश्न होता, ‘‘मग जवसगावच्या पोरांना काय मिळंल?’’

कुंपणाच्या आत थोड्याच नोकऱ्या, हे वर आलंच. पण बाहेर पुष्कळ काही उभं राहू शकतं. बंगळुरूचं व्हाइटफील्ड एकेकाळी शहराबाहेरचं रेल्वेकाठचं शांत गाव होतं. तिथे कंटेनर डेपो आला, गोदामं आली, मग बाकीचं शहर येऊन मिळालं. दिल्लीच्या तुघलकाबादला डेपोभोवती ट्रेलरचा असा वेढा पडला की रस्त्यांचा जीव घुसमटला. दोन्ही ठिकाणी कोरडं बंदरच. फरक पडतो तो ट्रेलर उभे करायला जागा आधी राखून ठेवली की नाही, गावचा रस्ता आणि जड वाहनांचा रस्ता वेगळा केला की नाही, अशा साध्या निर्णयांनी.

नवी मुंबईत बंदर यायच्या एकोणीस वर्षं आधी आराखडा करणारी संस्था होती. तिच्या चुका होत्या, पण कागदावर रस्ते, गटारं, शाळांच्या जागा आखलेल्या होत्या. जालन्याची महानगरपालिका २०२३ मध्ये झाली. शेंद्रा-बिडकीनला स्वतःचं नियोजन आहे. मधल्या शिवारांना मात्र ग्रामपंचायती आहेत, आणि ट्रक टर्मिनलची जागा आखणं हे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं काम नाही. एनए प्लॉटचे बोर्ड रस्त्याच्या कडेला आधी लागतात, गटार सगळ्यात शेवटी येतं, हा आपला अनुभव आहे. प्लॉट पाडणाऱ्याला सांडपाणी कुठे जाईल हे विचारायला आजच कोणीतरी हवं.

पाण्याचं तर काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जालना शहर घाणेवाडीच्या तलावावर आणि पैठणहून पाइपने येणाऱ्या जायकवाडीच्या पाण्यावर जगतं. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे पळालेली माणसं ते विसरलेली नाहीत. गोदामाला फार पाणी लागत नाही, ही कोरड्या बंदराची जमेची बाजू आहे. कामगारांच्या वस्तीला मात्र लागतं. पाचशे खोल्यांची चाळ उभी राहिली की पाचशे नळ हवेत.

गावच्या पोरांसाठी मला खरी संधी दिसते ती मालाच्या आजूबाजूच्या कामांत : मोसंबीची प्रतवारी आणि पॅकिंग, बियाण्यांची उगवण तपासणी, पेट्यांची दुरुस्ती, रीच स्टॅकर चालवणं, कस्टम दलालाच्या ऑफिसातला कागद. या प्रत्येक कामाला काही महिन्यांचं शिक्षण पुरतं. जालन्यात आयटीआय आहे, तंत्रनिकेतन आहे. पेट्या यायच्या आधी हे अभ्यासक्रम सुरू झाले, तर परगावची माणसं आणायची वेळ येणार नाही.

परवा काकांना घेऊन बदनापूरला गेलो होतो. येताना जुन्या रस्त्यावर चहाला थांबलो. काकांना मी ट्रेलरच्या मागच्या दाराचा लोखंडी सील दाखवला होता. भरलेल्या पेटीला तो असतो, रिकामीला नसतो. चहा निवत होता आणि ते मुंबईच्या दिशेने जाणाऱ्या एकेका पेटीच्या दाराकडे निरखून बघत होते.

‘‘ह्याला बी सील नाही,’’ ते म्हणाले, आणि मागून येणाऱ्या ट्रेलरकडे त्यांनी मान वळवली.